गिरिविहार : नाशिक परिसरातील

हवापालट, विश्रांती, मनोरंजन किंवा साहस यांसाठी डोंगराळ प्रदेशात केलेला प्रवास म्हणजे गिरिविहार. यात्रा, मोहीम आणि व्यापार या निमित्तांनी माणूस फार प्राचीन काळापासून डोंगर चढत आला आहे. तथापि केवळ चढण्याच्या वा तेथे राहण्याच्या आनंदासाठी डोंगरावर जाणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट होय. मराठी भाषेतही याची खूण आढळते. ‘यात्रा’ व ‘जत्रा’ हे शब्द जुने आणि घरोघर रुळलेले. उलट ‘सहल’ हा अरबी मूळाचा शब्द दरबारी व्यवहारातून आला आणि ‘हवा खाणे’ हा वाक्प्रचार हिंदुस्थानीच्या संगतीने रुजला. ‘पर्यटन’ हा शब्द संस्कृत असला, तरी त्याचा आजचा अर्थ विसाव्या शतकात स्थिरावला. नाशिक जिल्ह्यात या सर्व छटांचा इतिहास एकाच डोंगररांगेत एकावर एक साचलेला दिसतो. डोंगर तेच राहिले. वर जाण्याचे कारण मात्र प्रत्येक काळात बदलले, आणि त्या कारणानुसार कोणी तेथे वाट बांधली, तर कोणी असलेली वाट मोडली.

सह्याद्रीचा मुख्य कणा जिल्ह्याच्या पश्चिमेकडून जातो आणि त्याचे फाटे पूर्वेकडे पसरतात. त्र्यंबक रांगेत ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर हे डोंगर असून उत्तरेकडील सातमाळा रांगेत सप्तशृंगी, धोडप, राजदेहेर, इंद्राई इ. गड आहेत. बागलाणातील सेलबारी-डोलबारी रांगेत साल्हेर (१,५६७ मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे, तर राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. हवेचे तपमान साधारणपणे दर हजार मीटरला सहा ते साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे सु. १,३०० मी. उंचीच्या अंजनेरीवर शहरापेक्षा चार-साडेचार अंशांचा गारवा असतो आणि पश्चिमेचा वारा मोकळा मिळाल्याने तो त्याहून अधिक भासतो. पाऊस हा या प्रदेशाचा दुसरा स्वभाव. घाटमाथ्यावरील इगतपुरीस तीन हजार मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, पन्नासएक किमी. पूर्वेस नाशिकला तो सातशे मिमी.च्या आसपास उरतो.

इंग्रजपूर्व काळात या डोंगरांवर जाणारा मोठा वर्ग यात्रेकरूंचा होता. गोदावरीचा उगम म्हणून ब्रह्मगिरी आणि अर्धे शक्तिपीठ म्हणून वणीची सप्तशृंगी यांची कीर्ती महाराष्ट्रभर होती. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची सु. २० किमी.ची फेरी करण्याची चाल आजही आहे. भर पावसात, चिखलातून, रात्रीच निघून हजारो माणसे ती पुरी करतात. या यात्रांना केवळ धर्मकृत्य समजणे अपुरे ठरेल. घर, शेत आणि स्वयंपाकघर यांतून वर्षातून एकदा सुटण्याची, विशेषतः स्त्रियांना, समाजाने दिलेली ती परवानगी होती. सप्तशृंगीच्या चैत्री यात्रेला खानदेशातून पायी येणारे जथे वाटेत गाणी म्हणत, झाडाखाली चूल मांडत आणि परतताना बांगड्या व खेळणी घेऊन जात. यात्रा आणि सहल यांमधील रेषा अभ्यासकाला जितकी स्पष्ट दिसते, तितकी त्या यात्रेकरूला कधीच दिसली नसावी.

यात्रेकरूंसाठी वाट बांधणे हे पुण्यकृत्य मानले जाई. सप्तशृंगीच्या पायऱ्या या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभी सेनापती दाभाडे घराण्यातील उमाबाई यांनी गडाची एक वाट पायऱ्यांची केली. पुढे १७६८-६९ च्या सुमारास नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी व कृष्णाजी या तीन बंधूंनी देवीच्या कड्यापर्यंतच्या पायऱ्या खोदविल्या व तेथे आपला शिलालेखही ठेवला. ब्रह्मगिरी व गंगाद्वार येथील पायऱ्या धनिक व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून झाल्या. दात्याचे नाव दगडावर असले, तरी पायरी सर्वांची. तिच्यावर चढणाऱ्याला पैसे पडत नसत.

उन्हाळ्यापुरते डोंगरावर राहण्याची नाशिककडील सर्वांत जुनी आठवण रघुनाथराव पेशव्यांशी निगडित आहे. पुण्याच्या राजकारणातून बाजूला पडले असता त्यांचा मुक्काम नाशिकच्या पश्चिमेस गोदाकाठी चौंधस या गावी असे. पत्नी आनंदीबाई यांच्यावरून त्या गावास आनंदवल्ली हे नाव मिळाले. तेथून अंजनेरी जवळ. उन्हाळ्यात ते या गडावर राहावयास जात, अशी परंपरा एकोणिसाव्या शतकातील गॅझेटिअरमध्ये नोंदविली आहे आणि गडावरील हत्ती तलावाचा संबंधही त्यांच्याशी जोडला जातो. ज्या दशकात सप्तशृंगीच्या पायऱ्या होत होत्या, त्याच दशकात, जून १७६८ मध्ये, धोडपच्या लढाईत माधवरावांनी या चुलत्याचा पराभव केला. म्हणजे डोंगर हे त्यांच्यासाठी गारव्याचे ठिकाणही होते आणि पराभवाचेही. अठराव्या शतकात किल्ला अजून किल्लाच होता. तेथे हवा खाणे हे सत्ताधीशालाच, आणि तेही आडवाटेने, परवडणारे होते.

येथे यूरोपातील घडामोडींचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्स पर्वत तेथील प्रवाशाला भयावह अडथळाच वाटे. स्वच्छंदतावादी विचाराने ही दृष्टी पालटली. १७८६ मध्ये माँ ब्लाँ शिखर सर झाले आणि १८५७ मध्ये लंडनला आल्पाइन क्लबची स्थापना झाली. बेटांचेही तसेच. रॉबिन्सन क्रूसो (१७१९) नंतर निर्जन बेट हे यूरोपीय कल्पनेत एकांताचे व स्वातंत्र्याचे स्थान बनले. पर्वत आणि बेट या दोहोंचे आकर्षण एकाच गोष्टीत आहे : दोन्ही ठिकाणे नेहमीच्या जगापासून तुटलेली असतात आणि तेथे पोचण्यास काहीएक प्रयास पडतो. मराठी मुलखात बेटांना असे सहलीचे रूप फार उशिरा आले. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही बेटे दीर्घकाळ आरमाराची ठाणी होती; लेण्यांमुळे प्रवाशांना ओढणारे मुंबईजवळचे घारापुरी हे यातील ठळक अपवाद. देशावरच्या माणसाला तर समुद्र दूरच. त्याचे बेट म्हणजे डोंगरमाथा. साल्हेर आणि हे तीन जलदुर्ग आज एकाच यादीत आहेत : २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांतील ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत चौघांचाही समावेश आहे.

पेशवाईच्या अखेरीस, एप्रिल १८१८ मध्ये, कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने राजदेहेर, त्र्यंबक इ. गड घेतले आणि पाठोपाठ जिल्ह्यातील अनेक किल्ले लढाईवाचून इंग्रजांच्या ताब्यात आले. पुन्हा कोणी गड धरून बसू नये, म्हणून त्यांची तटबंदी, पाण्याची टाकी व विशेषतः खडकात खोदलेल्या पायऱ्या सुरुंगांनी उडविण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. कळसूबाईच्या रांगेतील अलंग व मदन या गडांच्या तुटलेल्या वाटा त्याची साक्ष देतात. त्या वर्षी किल्ल्यांची पाहणी करणाऱ्या कॅप्टन ब्रिग्झला हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांनी चकित केले. सुदैवाने त्या शिल्लक राहिल्या. शेकडो वर्षे पाथरवटांनी घडविलेल्या वाटा काही महिन्यांत निकामी झाल्या. गडाच्या घेऱ्यातील वस्तीचे रखवालीचे काम गेले आणि त्याबरोबर वर जाण्याचे कारणही.

एकीकडे वाटा मोडणारी ही राजवट दुसरीकडे स्वतःसाठी डोंगरावर वाटा काढू लागली. मुंबई इलाख्यात महाबळेश्वरास गव्हर्नर जॉन मॅल्कमने १८२८ पासून गिरिस्थानाचे रूप दिले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून त्यासाठी जागा मिळविण्यात आली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानला चढला. पाचगणीची उभारणी जॉन चेसनच्या नावाशी जोडली जाते. क्विनाइन व जंतुशास्त्र यांचा प्रसार होण्यापूर्वी हिवताप दूषित हवेने होतो असा समज होता. त्यामुळे उंचावर जाणे हा यूरोपीय सैनिक व अधिकारी यांच्या दृष्टीने औषधोपचारच होता. त्याला जोडून, आपल्या समाजाची वेगळी वसाहत शहरातील गर्दीपासून दूर वसविण्याची इच्छाही होती.

नाशिकच्या इंग्रजांनी यासाठी अंजनेरी निवडली. शहरापासून सु. २० किमी. अंतरावरील या डोंगराच्या मधल्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही थोडे बंगले होते आणि एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यातील यूरोपीय मंडळी तेथे राहावयास जात. पायथ्याशी यादवकालीन जैन व हिंदू मंदिरांचे अवशेष, वर अंजनीमातेचे देऊळ आणि मध्ये साहेबांचे बंगले असा तो विलक्षण शेजार होता. हनुमानाची जन्मभूमी म्हणून चढणारा भाविक आणि नाशिकच्या कचेरीतून रजेवर आलेला अधिकारी एकाच पायवाटेने जात असले पाहिजेत.

अंजनेरीचे मोठे गिरिस्थान मात्र कधीच झाले नाही. उंचीचा प्रश्न नव्हता. अंजनेरी माथेरानपेक्षा सु. ५०० मी. उंच आणि पाचगणीच्या तोडीची आहे. कारणे इतरत्र शोधावी लागतात. पठाराचा विस्तार लहान व वर गाडीरस्ता नाही. नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला तोच १८६९ मध्ये, त्यामुळे तेथील यूरोपीय वस्ती अगदी अल्प. मुंबईच्या श्रीमंतांना नेरळमार्गे माथेरान अधिक सोयीचे आणि गव्हर्नरचा मुक्काम महाबळेश्वरी. गिरिस्थानाची भरभराट हवेपेक्षा अशा मुक्कामावरच अधिक अवलंबून असते. सर्वांत निर्णायक गोष्ट ठरली ती रेल्वे. ती वर डोंगरावर गेली नाही, पण घाट चढून पठारावर आली.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा सु. १५ किमी.चा लोहमार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. सदतिसास एक असा त्याचा चढ असून त्यासाठी आजही गाड्यांना जादा एंजिने जोडावी लागतात. घाटमाथ्यावर सु. ६०० मी. उंचीवरील इगतपुरी ही रेल्वेची वसाहत झाली आणि मुंबईच्या यूरोपीयांना उन्हाळ्याच्या दिवसांत काही तासांत गाठता येणारे आरोग्यस्थानही. पुढील देवळालीस १८६१ पासून लष्करी बराकी होत्या. विलायतेहून आलेल्या व तिकडे परतणाऱ्या पलटणींचा तेथे मुक्काम पडे. परतीच्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने रिकामे बसलेले सोजिर भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून ‘डूलॅली’ हा देवळालीचा अपभ्रंश इंग्रजीत वेडसरपणाचा वाचक बनला. (चांगल्या हवेची ख्याती असलेल्या गावाच्या नावाचे असे व्हावे, हा दैवदुर्विलास.) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवळालीस पारशी, गुजराती, कच्छी इ. समाजांनी आपापली सॅनेटोरियमे बांधली. क्षयावर प्रभावी औषध नव्हते, तोवर कोरडी हवा, दूध आणि विश्रांती हाच उपचार. मुंबईच्या चाळीतील वा पेढीवरील माणूस डॉक्टरांच्या सल्ल्याने येथे ‘हवापालटा’ला येई. स्ट्रेप्टोमायसिन प्रचारात आल्यावर रुग्ण कमी झाले. इमारती टिकल्या, त्यांतील बिऱ्हाडे सुटीची झाली. भारतीय मध्यमवर्गाने सुटी घालविण्याची सवय आजारपणाच्या निमित्ताने उचलली, असे म्हणण्यास देवळालीचे उदाहरण पुरेसे आहे.

या सर्व विहारामागे डोंगरातील मूळ रहिवाशांचे श्रम होते. नाशिकच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा हे समाज राहतात. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांची हद्द आखली जाऊन गुरचराई, लाकूडफाटा व फिरती शेती यांवरील त्यांचे परंपरागत हक्क आकुंचित झाले. जे जंगल रहिवाशाला बंद झाले, तेच पाहुण्याला प्रेक्षणीय ठरले. गिरिस्थानांवर डोली, ओझी, पाणी वाहण्याचे काम याच माणसांकडे आले. माथेरानला १९०७ मध्ये छोटी रेल्वे पोचली, तरी मोटारींना बंदी असल्याने माणसाने ओढावयाच्या रिक्षा तेथे एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिल्या. ही प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. गिरिस्थानांच्या इतिहासात बंगल्यांच्या मालकांची नावे सापडतात, डोलीवाल्यांची सहसा सापडत नाहीत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मराठी माणूस पुन्हा गडांकडे वळला, तो वेगळ्या ओढीने. शिवकालाविषयीचा अभिमान हे त्यामागील पहिले कारण. गो. नी. दांडेकर यांच्यासारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाला वाङ्‌मयीन प्रतिष्ठा दिली. त्यांचे दुर्गभ्रमणगाथा हे पुस्तक पाठीवरच्या पिशवीतून गडावर नेणारी एक पिढी होऊन गेली. पुढे हिमालयातील मोहिमांपासून स्फूर्ती घेऊन गिर्यारोहण संस्था निघाल्या. नाशिकची ‘वैनतेय’ ही त्यांतील एक होय. ज्या पायऱ्या १८१८ मध्ये शत्रूला वर जाता येऊ नये म्हणून उडविल्या होत्या, त्या तुटलेल्या जागाच आता दोर लावून चढण्याचे आकर्षण बनल्या. अलंग-मदन-कुलंग ही त्रिकूटयात्रा आज सह्याद्रीतील कठीण चढायांत गणली जाते. हरिहरची गोष्ट याच्या उलट. त्याच्या पायऱ्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांतून सर्वत्र पोचल्यावर पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी त्या अरुंद जिन्यावर चढणारे व उतरणारे एकमेकांना अडवून उभे राहू लागले.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली आणि पर्यटन हा शासकीय नियोजनाचा विषय ठरला. इगतपुरीस १९७६ पासून धम्मगिरी येथे विपश्यनेची शिबिरे भरू लागल्याने मौनासाठी येणारा, देशोदेशींचा नवा प्रवासी या घाटमाथ्यावर आला. गंगापूर धरणाच्या काठी द्राक्षबागा व मद्यनिर्मिती यांभोवती एकविसाव्या शतकात वेगळेच पर्यटन उभे राहिले. सप्तशृंगी गडाच्या पठारापर्यंत मोटाररस्ता होताच. तेथून मंदिरापर्यंतच्या पाचशेच्या आसपास पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ मध्ये रुळांवरून चढणारी फनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. वृद्ध व अपंग भाविकांची तीमुळे मोठी सोय झाली, हे निर्विवाद. चैत्रोत्सवात मध्यरात्री शिखरावर ध्वज लावणारा मानकरी मात्र पायऱ्या नसलेल्या कड्यावरूनच वर जातो.

अंजनेरीच्या अपयशाचे फळ दरम्यान लक्षात आले. मोठे गिरिस्थान न झाल्याने तिचे पठार बांधकामापासून वाचले. कंदीलपुष्पाच्या वर्गातील सेरोपेजिया अंजनेरिका या नव्या जातीचे वर्णन २००६ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाले. डोंगराचे नाव वनस्पतिशास्त्रात गेले ते असे. कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. २०१७ मध्ये या भागास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. तरीही वर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आलाच, आणि पर्यावरण अभ्यासकांनी व नाशिककरांनी त्यास हरकत घेतली. ब्रह्मगिरी व अंजनेरी यांस जोडणाऱ्या रज्जुमार्गाच्या योजनेवरही तसेच आक्षेप आले. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये आंदोलन झाले. भाविकाला सुलभ दर्शन मिळावे ही मागणी अयोग्य म्हणता येत नाही. पण तीनशे-चारशे पायऱ्यांचा रुंदावा आणि यंत्राने कापलेला रस्ता यांचा डोंगरावर होणारा परिणाम सारखा नसतो. सच्छिद्र व भेगाळ बेसाल्टमध्ये मुरलेले पावसाचे पाणीच झऱ्यांच्या रूपाने खाली येते. उतार कापला की ते झरे आटतात किंवा दुसरीकडे वळतात.

पाण्याचा हा मुद्दा केवळ नदीच्या उगमापुरता नाही. राज्यातील अतिपर्जन्याच्या तालुक्यांत मोडणाऱ्या त्र्यंबकेश्वर व इगतपुरी तालुक्यांतील अनेक पाड्यांवर मार्चनंतर टँकरची वाट पाहावी लागते आणि स्त्रियांना खोल विहिरींत उतरून हंडे भरावे लागतात. याच तालुक्यांत धरणांच्या काठी व डोंगरउतारांवर विश्रामगृहे आणि दुसऱ्या घरांच्या वसाहती वाढत आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने मुंबईहून येथे येण्यास लागणारा वेळ आणखी कमी झाला. घाटातील जुन्या रेल्वेने आणलेला पाहुणा हंगामापुरता राहून जात असे. मोटारीने येणारा शनिवारी येतो, रविवारी जातो. जागा मात्र तो बारमाही घेऊन ठेवतो.